दत्तक लेकीचं होमस्कूलिंग: हळू शिकणं, रोजचा अभ्यास आणि श्रद्धा

ओंजळ (धागाकर्ती)

आमची लेक साडेतीन वर्षांची असताना घरी आली. त्याआधीचं सगळं आयुष्य तिने बालगृहात काढलं होतं. आता ती नऊ वर्षांची आहे. वाचन पहिलीतल्या मुलांइतकं, गणित त्याच्याही थोडं मागे. बोलणं मात्र चुरूचुरू, वयाला साजेसं. त्यामुळे बाहेरच्यांना हमखास वाटतं की पोर हुशार आहे, नुसता कंटाळा करते. ती घरीच शिकते. वेगवेगळ्या धाग्यांवर मला फिरून फिरून दोनच गोष्टी विचारल्या गेल्या: घरी शिकवणं जमतं कसं, आणि 'श्रद्धेच्या बळावर' असं मी लिहिते तेव्हा नक्की काय म्हणायचं असतं. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी लिहून ठेवते.

आधी दुसरं, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यावरच उभं आहे.

माझी देवावर श्रद्धा आहे. मुलगी एक दिवस बरोबरीच्या मुलांना गाठेल, असं वचन मात्र मी देवाकडे मागितलेलं नाही. काल ओळखलेला 'घ' आज तिला अनोळखी वाटतो. अशा वेळी माझ्या कपाळावर आठी पडली, तर ती मला जाणवण्याआधी तिला दिसते. मोठ्यांच्या चेहऱ्यांचा अंदाज घेत वाढलेल्या मुलांना चेहरे फार लवकर वाचता येतात. मग तिचा हात थांबतो आणि त्या दिवशीचा अभ्यास तिथेच आटोपतो. माझी प्रार्थना असते ती त्या आठीसाठी. उद्या हाच 'घ' पुन्हा नव्याने शिकवता यावा, आवाजाला धार न येता, एवढंच मागणं.

आता अभ्यासाचं. सकाळ पुस्तकाने सुरू होत नाही. आधी अंग हलतं: झोका, उड्या, जड काहीतरी ढकलणं, उचलणं. ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजच्या हालचाली आणि कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) हे सुचवलं तेव्हा मला हा वेळकाढूपणा वाटला नाही, कारण फरक डोळ्यांसमोर होता. अंगातली तगमग उतरली की तिला पाच मिनिटं एका जागी बसणं जड जात नाही. मग छोटे छोटे धडे. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी शंभर वर्षांपूर्वीच लहान मुलांसाठी आखूड धड्यांचा आग्रह धरला होता, वीस मिनिटांच्या वर न ताणण्याचा. आमचे त्याहूनही आखूड असतात. तिचं मन लागलेलं असतानाच मी थांबते, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसताना नाराजी नसते. रोजचा क्रम बदलत नाही. पुढे काय येणार हे माहीत असलं की तिला सावध राहावं लागत नाही, आणि सावध राहण्यात जाणारी शक्ती शिकण्याकडे वळते.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या लिपीत शिकवणाऱ्या प्रत्येकाला ती भेटणार. पहिली वेलांटी. तिला 'किती' लिहायला सांगितलं. तोंडाने ती क्, इ, त्, ई असे आवाज अगदी बरोबर सुटे करते. मग आधी 'क' काढते, कारण आधी ऐकू येतो तो 'क'. आणि आता इ साठी डावीकडे जागाच उरलेली नसते. ती वेलांटी उजवीकडे देते आणि 'की' होतं. तिचा कान आणि तर्क दोन्ही बरोबर, अडचण लिपीच्या मांडणीची. 'बघ नीट' असं कितीही वेळा म्हटलं तरी ती सुटत नाही. आम्ही जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर अक्षरं काढली आणि वेलांट्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर. ती 'क' ठेवते, आवाज काढते, मग पट्टी 'क'वर अशी बसवते की काठी डावीकडे येते. मग पुन्हा वाचते. हात जे करतो ते कागदावर उतरायला वेळ लागला, पण उतरलं. दुसरी वेलांटी आम्ही तोवर मुद्दाम बाजूला ठेवली होती. दोन्ही एकत्र शिकवल्या असत्या तर दोन्ही गेल्या असत्या.

तुमचे अनुभव लिहा. वेगळं मत असेल तर तेही.

पायवाट

ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. आमचा मुलगाही दत्तक आहे, अकरा वर्षांचा, निम्मा अभ्यास शाळेत आणि निम्मा घरी.

आशा किती धरावी हा प्रश्न मला छळायचा, म्हणून मी त्यावरचं संशोधन शोधून वाचलं. रोमेनियात १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथाश्रमांची अवस्था जगासमोर आली. त्यातली बरीच मुलं ब्रिटनमधल्या घरांत दत्तक गेली. मायकल रटर यांच्या गटाने अशा १६५ मुलांना लहानपणापासून मोठं होईपर्यंत पाहिलं. सहा महिन्यांच्या आत आश्रमातून बाहेर पडलेली मुलं पुढे बरीचशी इतरांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांची बुद्धी लहानपणी मागे दिसत होती, पण तरुणपणापर्यंत ती सर्वसाधारण पातळीवर आली. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. मात्र लक्ष न टिकणं, भावनांचा तोल, लोकांत मिसळणं या अडचणी त्यातल्या बऱ्याच जणांत मोठेपणीही राहिल्या.

रोमेनियाची राजधानी बुखारेस्टमधल्या दुसऱ्या अभ्यासात १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक-कुटुंबांत (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत) ठेवलं गेलं. त्यांची बुद्धी आश्रमात राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वात जास्त फायदा झाला.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. नऊ किंवा अकराव्या वर्षीची पातळी ही शेवटची पातळी नाही. आणि वाचता येऊ लागलं म्हणजे आतली भीती गेली असं होत नाही, तिच्यावर वेगळं काम करावं लागतं. आम्ही पहिल्या गोष्टीसाठी शिक्षिका ठेवली आणि दुसरीसाठी समुपदेशक. दोघींची सरमिसळ होऊ दिली नाही.

काजवा

लेख मनापासून लिहिलाय. माझा देवावर विश्वास नाही, पण प्रश्न प्रामाणिक आहे. ज्यांच्याकडे श्रद्धा नाही त्यांनी हा रोजचा 'घ' कशाच्या बळावर काढायचा? आणि एक काळजीही आहे. 'देव बघून घेईल' म्हणत थेरपी पुढे ढकलणारे आईवडील मी जवळून पाहिलेत. मुलाची उमेदीची वर्षं हातची जातात.

ओंजळ

काजवा, तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि ती मलाही आहे. हात मोडला तर प्लॅस्टर घालताना कुणी श्रद्धा कमी पडली असं म्हणत नाही. स्पीच थेरपी, मूल्यमापन, गरज पडली तर औषध, हे सगळं त्याच रांगेतलं. प्रार्थना त्याच्या जागी येत नाही. आमच्याकडे थेरपीची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत कधी तंटा झालेला नाही.

श्रद्धा नसलेल्यांनी कशाच्या बळावर, याचं उत्तर मी देणं उचित नाही. ज्यांच्याकडे ती नाही अशा पालकांना मी ओळखते. त्यांची माया आणि चिकाटी माझ्याहून तसूभरही कमी नाही.

शांतनदी

विशेष शिक्षिका म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. ओंजळ, वेलांटीचं निरीक्षण अचूक आहे. पाठ्यपुस्तकं ही अडचण क्वचितच बोलून दाखवतात.

नवीन पालकांसाठी थोडं लिहिते. शिकवण्याची पद्धत निवडण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिला कान. बालगृहातल्या मुलांना सर्दी आणि कानदुखी वारंवार झालेली असते. कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहिलं की कमी ऐकू येतं, तेही कधी जास्त, कधी कमी, त्यामुळे लक्षात येत नाही. असं मूल 'त' आणि 'थ', 'ब' आणि 'भ' यांत गोंधळतं आणि आपण त्याला अध्ययन अक्षमता समजतो. मग डोळे. मग रक्तातलं लोह आणि थायरॉइड. यातलं काही निघालं तर त्यावर उपाय आहे, आणि मग पुढचं चित्र स्वच्छ दिसतं.

घरात आल्यावर मुलाची भाषा बदलली का, हेही पाहा. लहान वयात नवीन घरी गेलेलं मूल पहिली भाषा झपाट्याने विसरतं आणि दुसरी अजून पक्की झालेली नसते. जिम कमिन्स या अभ्यासकाचं निरीक्षण असं, की बोलण्याची भाषा सुमारे दोन वर्षांत येते पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं जातात. दत्तक मुलं बोलायला लागली की आपण भाषेचा प्रश्न संपला असं धरून चालतो. ओंजळच्या लेकीचं चुरूचुरू बोलणं आणि अडखळतं वाचन, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्यामागचं हेही एक कारण असू शकतं.

आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल लोक बोलायला कचरतात. गर्भारपणात आईच्या पोटात दारू गेली असेल, तर बाळाच्या मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो. १९७३ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी या अवस्थेला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असं नाव दिलं. दत्तकाच्या कागदांत ही माहिती बहुतेक वेळा नसते. काल आलेलं आज न येणं, वेळेची आणि पैशाची समज न बसणं, गणितात विशेष अडणं, हे त्यात खूप दिसतं. अशा मुलाला शिक्षा करून काही साधत नाही. रचना सोपी करावी लागते, आणि ती सोपीच ठेवावी लागते. जन्मदात्रीला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. मुलाला 'मुद्दाम करतो' असं म्हणणं थांबावं म्हणून लिहितेय.

वाचनासाठी, आवाजापासून अक्षराकडे, एका वेळी एकच नवीन गोष्ट, डोळा, कान आणि हात तिन्ही मिळून. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी १९३०च्या दशकात ही रीत बसवली. मारिया मॉन्टेसरी यांची खरखरीत कागदाची अक्षरं तर आधी मागे पडलेल्या मुलांसाठीच्या कामातून आली. रोममध्ये अशा मुलांना शिकवत असताना त्यांनी इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचं काम अभ्यासलं होतं, आणि १९०७ मध्ये लहान मुलांची शाळा सुरू केली तेव्हा ते साहित्य बरोबर आणलं. बोटाने अक्षर गिरवताना आवाज मोठ्याने काढायचा. नुसतं गिरवणं पुरत नाही.

आणि रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम करून वाचन सुधारेल असं सांगणाऱ्यांपासून दूर राहा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्येच डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संघटनांबरोबर मिळून याला आधार नसल्याचं सांगितलं आहे. मुलाला घट्ट धरून ठेवून 'जिव्हाळा निर्माण करणाऱ्या' थेरपीपासून तर फारच दूर. त्यात मुलं जिवानिशी गेली आहेत.

पायवाट

शांतनदी ताई, गणिताचंही सांगा. आमचा पंचवीस ऐकून ५२ लिहितो.

शांतनदी

कारण पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना उलट. जर्मन मुलांनाही हाच त्रास होतो. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस आले की वजाबाकीही करावी लागते. वर्षभर त्याला 'दोन दशक पाच' असंच बोलू द्या. दहाच्या काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात द्या आणि गठ्ठे आधी मांडायला लावा. पंचवीस हे नाव नंतर चिकटवा. पाठ्यपुस्तकाचा क्रम मोडला तरी चालेल.

पाढ्यांसाठी रोज सगळे घोकण्यापेक्षा आजचा थोडा, दोन दिवसांनी तोच, मग आठवड्याने तोच. विसरायला लागल्यावर आठवायला लावलं की जास्त टिकतं. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला, तेव्हापासून हे माहीत आहे.

उंबरठा

मी स्वतः दत्तक आहे. आता वयाने मोठी आहे आणि माझ्या आईवडिलांवर माझा फार जीव आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट ऐकलं जाईल.

श्रद्धावान घरांत दत्तक मुलाला एक वाक्य नेहमी ऐकू येतं: 'तुला देवाने आमच्यासाठी पाठवलं.' बोलणाऱ्याच्या मनात निव्वळ प्रेम असतं. ऐकणारं मूल मात्र हिशोब पुढे नेतं. मग ज्या बाईपासून मला दूर केलं ते पण देवानेच ठरवलं का? तिचं रडणं माझ्या येण्यासाठी लागलं का? आणि देवाने पाठवलेल्या मुलीला पाढे येत नसतील, तर मी देवाच्या मनासारखी निघाले नाही का? लहानपणी मला अभ्यासात खूप अडायचं. प्रत्येक नापास पेपर मला उपकार न फिटल्यासारखा वाटायचा. हे मी कुणाला कधी बोलले नाही.

यशोदेची गोष्ट आपण सांगतो, मोशेला राजकन्येने वाढवल्याची गोष्ट ऐकतो. दोन्ही सुंदर आहेत. पण त्यांत देवकी आहे आणि मोशेची जन्मदात्रीही आहे, आणि त्यांचं हरवणं कुणी गोड केलेलं नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला शाळेचा दुसरा कोपराही नसतो, जिथे घरातली गोष्ट थोडी बाजूला ठेवता येते. सगळा दिवस एकाच छायेत जातो. म्हणून होमस्कूलिंग करणाऱ्या श्रद्धावान पालकांना माझी कळकळीची विनंती: तुमची श्रद्धा तुमच्या पाठीशी असू दे. मुलाच्या डोक्यावर ठेवू नका.

एक छोटी गोष्ट. अभ्यासक्रमात वंशवृक्ष काढायला लावतात, बाळपणीचा फोटो आणायला सांगतात, आईची रक्तगट-उंची लिहायला लावतात. घरी शिकवताय तर हे बदलणं तुमच्या हातात आहे. मूळ, खोड आणि फांद्या अशी दोन्ही कुटुंबं दाखवता येतील असं चित्र करा, किंवा तो धडा मुलालाच विचारून घ्या.

ओंजळ

उंबरठा, तुमच्या शब्दांना माझा पूर्ण दुजोरा. आमच्या घरात ते वाक्य बोलत नाही. तिच्या येण्याचा आम्हाला आनंद झाला, आणि तिला आधीचं घर सोडावं लागलं हे वाईट झालं, या दोन्ही गोष्टी मी तिला एका दमात सांगते. दुःखाची बाजू गाळत नाही. रात्रीच्या प्रार्थनेत तिच्या जन्मदात्रीचं नाव नाही, कारण आम्हाला ते माहीत नाही, पण 'तिची आई सुखात असो' असं आम्ही म्हणतो. मागे एकदा तिने मध्येच विचारलं, 'तिला माझं अक्षर आवडलं असतं का?' मी सांगितलं, तिचं मला माहीत नाही, पण मला आवडतं, आणि कालच्यापेक्षा 'घ'चं पोट आज जास्त गोल आहे. तिने मान हलवली आणि पुन्हा लिहायला घेतलं.

अभ्यास आणि प्रार्थना यांचा संबंधही मी तोडलेला आहे. तिला चांगलं लिहिता आलं म्हणून देवाचे आभार मोठ्याने मानत नाही. मानले तर ज्या दिवशी जमत नाही त्या दिवसाचं काय, हा प्रश्न तिला पडणारच.

पहिलंपाऊल

सगळ्यांचे आभार. आमच्या घरी नुकताच सहा वर्षांचा मुलगा आला आहे. अभ्यासात खूप मागे आहे. लगेच होमस्कूलिंग सुरू करावं का? आणि श्रद्धेचं विचारायचं होतं. तो प्रार्थनेला बसायला साफ नकार देतो, रडतो. आमच्या घरात प्रार्थना रोजची आहे. काय करावं?

पायवाट

पहिल्याचं मी सांगतो. पहिले काही महिने अभ्यास मागे ठेवा. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी जी गोष्ट आयुष्यभर मांडली ती हीच, की मुलाला एक भरवशाचं माणूस मिळालं की ते जगात शोध घ्यायला निघतं. भरवसा बसण्याआधी शिकवणारी आई आणि परीक्षा घेणारी आई एकच झाली, तर मुलाला कुणाकडे धावत जायचं ते कळत नाही. एकत्र खेळा, गोष्टी वाचा, रोजचा क्रम लावा. कायदाही आधी पाहा. होमस्कूलिंगची परवानगी प्रत्येक देशात वेगळी आहे, जर्मनीसारख्या ठिकाणी ते जवळपास बंदच आहे.

आणि तुम्ही दोघांनी आळीपाळीने विश्रांती घ्या. दत्तक मूल आल्यानंतर आईवडिलांना नैराश्य येऊ शकतं, आणि आनंदाच्या प्रसंगी रडू येणं ही लाजेची गोष्ट नाही. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा.

ओंजळ

दुसऱ्याचं मी सांगते. त्याला बसवू नका. तुमची प्रार्थना तुम्ही करा, दार उघडं ठेवा, तो शेजारच्या खोलीत खेळत राहू दे. मोठी माणसं डोळे मिटून एकाच सुरात बोलू लागली की काही मुलांना भीती वाटते, आणि त्याला पूर्वी काय झालंय ते तुम्हाला कळायला वेळ लागेल. नकारासाठी काहीही काढून घेऊ नका: खेळ नाही, माया नाही. 'तू नाही बसलास तरी चालेल' हे त्याला शब्दांत सांगा आणि ते खरं करून दाखवा. इतक्या लहान मुलाने इतक्या लवकर तुमच्याशी 'नाही' म्हणण्याची हिंमत केली, हे मला आशेचं लक्षण वाटतं.

काजवा

हे वाचून बरं वाटलं, ताई.

शांतनदी

पहिलंपाऊल, एक वही ठेवा. मार्क नकोत, 'आज काय आपणहून केलं' एवढंच लिहा. पुढे मूल्यमापनाला गेलात तर तज्ज्ञांना ती वही चाचणीइतकीच उपयोगी पडते. होमस्कूलिंग कायमचं असावं लागत नाही. मुलाला सोबती हवे झाले, किंवा तुमची ताकद संपू लागली, तर अर्धवेळ शाळा किंवा विशेष शिक्षक हा पराभव नाही. ओंजळ, तुम्हीही ठरावीक काळाने पुन्हा विचार करता ना?

ओंजळ

हो. दर वर्षी लेकीसह तिघं बसून बोलतो. तिला मैत्रिणी हव्यात असं ती यंदा स्पष्ट म्हणाली. त्यामुळे आठवड्यातले काही दिवस तिच्या वयाच्या मुलींसोबत नाच आणि चित्रकला सुरू केली आहे, वाचनाची सक्ती नसलेल्या ठिकाणी. शाळेचा विषय पुढच्या मूल्यमापनानंतर.

पहिलंपाऊल

समजलं. कानाची तपासणी याच आठवड्यात करून घेतो. प्रार्थनेचं आज रात्रीपासूनच बदलतोय. पुढे काय होतंय ते इथेच कळवीन.